लुंबिनीतली आसेगावची चूल

मी एस.टी.त कंडक्टर होतो. माणूस गाडीत चढला की मी आधी त्याच्या सामानाकडे बघायचो, चेहऱ्याकडे नंतर. चेहऱ्यानं माणूस फसवू शकतो, गाठोड्यानं फसवणं जरा जड जातं. त्यामुळे रत्नमाला पडघान नेपाळात धंदा टाकायला निघाली आणि मी तिला पोचवायला जऊळक्याच्या स्टेशनावर गेलो, तेव्हाही माझी नजर तिच्या सामानावरच गेली. एक बॅग, एक वळकटी आणि जुन्या लुगड्यात बांधलेली लाकडाची काठवट. भाकरीचं पीठ मळायची ती काठवट तिनं लेकरू घ्यावं तशी काखेत घेतली होती. परदेशी चाललेल्या बाईचं हे सामान बघून फलाटावरचे दोघंतिघं हसले. मला काही हसू आलं नाही. काठवट घेऊन निघालेली बाई आठ दिवसांत परत येणार नाही, एवढं मला कळत होतं.

रत्नमाला आमच्या आसेगावची, मंगरूळपीर तालुक्यातली, आमच्याच वस्तीतली. जानराव पडघान आणि मी शाळेत एका पट्टीवर बसलेलो, त्याची ही थोरली लेक. आता चाळिशीला आलेली. बारावीपर्यंत शिकली, लग्न झालं, मोडलं. त्याबद्दल ती स्वतः दोन वाक्यांच्या वर बोलत नाही, मग मी तरी कशाला लिहू? परत आली तेव्हा गावातल्या लोकांनी हळहळायची तयारी करून ठेवली होती. तिनं कोणाला हळहळू दिलं नाही. आठवड्याभरात ती वाशीमच्या गजेंद्रच्या यात्रेच्या गाडीवर स्वयंपाकाला लागली.

ही यात्रेची गाडी काय असते ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आमच्या भागातून दर हिवाळ्यात गाड्या निघतात. सारनाथ, बुद्धगया, राजगीर, कुशीनगर आणि शेवटी सीमा ओलांडून नेपाळात लुंबिनी, जिथं बुद्ध जन्मले. गाडीत म्हातारी माणसं जास्त. पोरांनी पैसे भरलेले असतात, आयुष्यात एकदा ती माती कपाळाला लावायची असते. गाडीच्या टपावर तांदूळ, तूरडाळ, तेलाचे डबे, भांडी आणि गॅसची भट्टी. आचारी गाडीसोबत. जेवण भाड्यातच धरलेलं. जिथं गाडी थांबेल तिथं भट्टी उतरवायची, वरण-भात शिजवायचा, वाढायचा, घासायचं आणि पुढं निघायचं. हॉटेलात कोणी जात नाही. आमच्या माणसाला परमुलखातल्या पाण्याची भीती नसते, परमुलखातल्या भाजीची असते.

रत्नमालानं अनेक हिवाळे ही भट्टी सांभाळली. मी तिला एकदा विचारलं होतं, या कामात सगळ्यात जड काय जातं. मला वाटलं, थंडी म्हणेल, नाहीतर पहाटेचं उठणं. ती म्हणाली, 'उठा' हा शब्द. पेट्रोल पंपाच्या कडेला भट्टी लावली की कोणीतरी शिट्टी वाजवत येतो, उठा. धर्मशाळेच्या भिंतीला टेकलं, उठा. झाडाखाली बसलं, इथं धूर नको, उठा. आमच्या लोकांनी हा शब्द पिढ्यान् पिढ्या ऐकलेला. पाणवठ्यावर ऐकला, पंगतीत ऐकला. त्यामुळे तो कानातून पोटात लवकर उतरतो. बाकीचे यात्रेकरू वैतागून बाजूला होत असतील. आमच्या म्हाताऱ्या मात्र कोणी शिट्टी वाजवायच्या आधीच अर्ध्या उठलेल्या असतात. ते बघून रत्नमालाचा जीव जळायचा.

लुंबिनीतच एका जानेवारीत हद्द झाली. तिकडं हिवाळ्यात धुकं असं पडतं की आपलाच हात आपल्याला शोधावा लागतो. रस्त्याच्या कडेला भट्टी लावलेली, भात अर्धा कच्चा, आणि कोणी एक काठीवाला आला आणि म्हणाला, उठा. रत्नमालानं उकळतं पातेलं दोन फडक्यांत धरलं आणि ती धुक्यात तशीच उभी राहिली, कारण ठेवायचं कुठं ते दिसत नव्हतं. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या घरातून एक बाई बाहेर आली. तिनं काही विचारलं नाही. पातेल्याची दुसरी कड धरली आणि आपल्या अंगणात नेलं.

ती फूलमती. तिथल्या थारू लोकांतली, रत्नमालापेक्षा थोडी मोठी. नवरा वारलेला, दोन्ही पोरं आखाती देशात कामाला. रस्त्याला लागून मोठं शेणानं सारवलेलं अंगण, एका बाजूला रिकामा पत्र्याचा गोठा, मधोमध हातपंप. त्या दिवशी भात तिथं शिजला. तोडक्यामोडक्या हिंदीत दोघींचं बोलणं झालं, आणि निघताना रत्नमालानं त्या अंगणाकडे एकदा जे मागं वळून बघितलं, त्यातच पुढचं सगळं ठरलं असावं. पुढच्या दोन हिवाळ्यांत गाडी गेली की ती फूलमतीच्याच अंगणात थांबायची. तिसऱ्या वर्षी तिनं घरी सांगून टाकलं की मी लुंबिनीत यात्रेकरूंसाठी जागा काढते आहे.

घरात स्मशानशांतता पसरली म्हणावं तर तसं काही झालं नाही. सगळे एकदम बोलायला लागले. तिचा भाऊ प्रसेनजित वाशीमला सरकारी कचेरीत आहे, माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीला अर्ज कुठं करायचा ते आधी विचारणारा. त्याचं म्हणणं, बहिणीनं घरात राहावं, हवं तर चार डबे करावेत.

"मेसच टाकाची तं वाशीमले टाक," तो म्हणाला. "परदेशात कायले जातं?"

"वाशीमले मेसा लय हायेत," रत्नमाला म्हणाली. "मले मेस नाई टाकाची. जिथून आपल्या मानसाले कोनी उठवनार नाई, अशी एक जागा पाह्यजे मले. थे जागा मी पाहून आली."

जानराव उठून आत गेला. त्यानं काठवट आणली आणि तिच्यापुढं ठेवली. काठवट तिच्या आईची, लिलाबाईची. पोहरादेवीच्या जत्रेत लिलाबाईनं वर्षानुवर्षं भाकरी थापून विकल्या त्या याच काठवटीत पीठ मळून. लहानगी रत्नमाला तेव्हा शेजारी बसून गोळे करून द्यायची. हे मी इथं मुद्दाम सांगून ठेवतो, कारण रत्नमाला स्वतःच ते पुढं विसरणार आहे.

नेपाळ परदेश आहे हे आमच्या लोकांना पटवणं अवघड. पासपोर्ट लागत नाही, माणसं आपल्यासारखी दिसतात, मग परदेश कसला? पण तिथं धंदा टाकायला गेलं की तो देश किती परका आहे ते समजतं. भारतीय माणसाला राहायला, काम करायला आडकाठी नाही. स्वतःच्या नावानं धंदा उभा करायचा तर मात्र एवढं भांडवल दाखवावं लागतं की रत्नमालानं तो आकडा मला फोनवर हसत हसत सांगितला. म्हणून नोंद फूलमतीच्या नावावर झाली आणि ठरलं की जागा फूलमतीची, मेहनत रत्नमालाची, येईल त्यात अर्धं-अर्धं. सिम कार्ड वेगळं, नोटा वेगळ्या, घड्याळसुद्धा आपल्यापेक्षा पाव तास पुढं. रत्नमाला म्हणाली, काका, जन्मात पहिल्यांदा मी कुठंतरी पुढं आहे.

तिनं गोठा धुतला, चुना मारला, सतरंज्या घातल्या. हातपंपाशी फरशी बसवून घेतली. रस्त्यावर मराठीत मोठी पाटी लावली: 'येथे घरगुती वऱ्हाडी जेवण मिळेल.' पाटी फूलमतीला वाचता येत नव्हती, पण रंग आवडला.

कार्तिकात पहिली गाडी आली, अकोल्याकडची. रत्नमालानं पहाटेपासून वरण, भात, वांग्याची भाजी, ठेचा करून ठेवलेला. गाडीतले लोक पाटी वाचून वेड्यासारखे खूश झाले. परक्या देशात मराठी अक्षरं. बायांनी रत्नमालाला जवळ घेतलं, कुठली कोणाची विचारलं, नातं काढलं. हिच्या मावशीची जाऊ आमच्या गावची निघाली. सगळ्यांनी फोटो काढले, पाणी पिऊन झालं. आणि मग त्यांच्या आचाऱ्यानं टपावरची भट्टी उतरवली आणि रत्नमालाच्या अंगणात, रत्नमालाच्या पाटीखाली, वरण-भात शिजवला.

तिचं जेवण कोणी शिवलं नाही. उलट त्यांनीच तिला आग्रह करून वाढलं.

दुसऱ्या गाडीला तेच, तिसऱ्या गाडीला तेच. वांग्याची भाजी फूलमतीच्या भाऊबंदांनी खाल्ली आणि पुढच्या वेळी तिखट कमी टाका म्हणून निरोप धाडला. आता ही चूक दुसऱ्या कोणी केली असती तर मी समजलो असतो. पण जिनं स्वतः इतके हिवाळे त्याच गाडीवर भट्टी पेटवली, तिला हे आठवू नये की जेवण भाड्यातच असतं? भाडं भरलेलं जेवण टाकून दुसरीकडं पैसे देऊन जेवणारा माणूस वऱ्हाडात अजून जन्माला यायचा आहे. मी फोनवर तिला हे सुनावलंही. धंदा म्हणजे हॉटेल, असं तिच्या डोक्यात बसलं होतं, आणि मालकीण झाल्यावर आचारीण असतानाचं शहाणपण ती सीमेवरच ठेवून आली होती.

इकडे दुसरीच गोष्ट सुरू झाली. जवळच्या शहरातल्या एका हॉटेलवाल्याचा डोळा त्या अंगणावर होता. रस्त्यालगतची जागा, लॉज बांधायला उत्तम. त्यानं फूलमतीच्या पोरांना फोन लावून गाठलं आणि पोरं जागा देऊन टाक म्हणून आईच्या मागं लागली. फूलमती सरळ बाई. तिनं रत्नमालापासून काही लपवलं नाही. तिच्या माहेरी थारूंमध्ये माघी म्हणजे नवं वर्ष. आपली संक्रांत येते तेव्हाच. जमीन कोण कसणार, कोण कोणाकडे राहणार, वर्षाचे सगळे बोल त्या दिवशी पक्के होतात आणि मग वर्षभर कोणी ते मोडत नाही. फूलमती म्हणाली, माघीला मी एकच बोल देणार. तोवर तुझं अंगण चाललं तर तुझं. नाही चाललं तर माझ्या पोरांना मी काय तोंड दाखवू?

म्हणजे रत्नमालाच्या हातात माघीपर्यंतचे दिवस होते. त्यानंतर तिला तिच्याच चुलीवरून उठावं लागणार होतं.

त्या संध्याकाळी तिनं आईला फोन केला. लिलाबाईला कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो, आणि मी जानरावाकडे चहाला बसलो होतो, त्यामुळे हे मी माझ्या कानांनी ऐकलं. रत्नमाला रडली नाही. तिचा आवाज फक्त कोरडा झाला होता. लिलाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"पोहऱ्याच्या जत्रेले आपन कधी भाजी इकली का वं?"

"नाई."

"मंग तठी काहून इकून राह्यली? लोकं आपलं भाजी-कोरड्यास आपून रांधतेत. भाकर थापाचा कंटाया येते त्याईले."

मग रत्नमाला म्हणाली, ठेवते आई. एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिनं पाटी उतरवून उलटी केली आणि मागच्या बाजूला नवीन लिहिलं: 'आपली चूल येथे मांडा. गरम पाणी आहे. बायांसाठी न्हाणी आहे. भाकर मिळेल.' आचारीण असताना तिला स्वतःला काय हवं होतं, ते तिनं एकेक आठवलं. डोक्यावर पत्रा हवा होता, म्हणजे दव भातात पडत नाही. हात धुवायला कोमट पाणी हवं होतं. बायांना कपडे बदलायला आडोसा आणि ओली लुगडी वाळत घालायला तारा हव्या होत्या. जेवण त्यांचं, भट्टी त्यांची. तिच्याकडे फक्त तेच, जे गाडीत नेता येत नाही, आणि पैसे त्याचेच. आणि भाकर. पन्नास माणसांना भाकरी थापून देणं कोणत्याच गाडीच्या आचाऱ्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही. पुरी-भात खाऊन आठव्या दिवशी म्हातारी माणसं भाकरीची आठवण अशी काढतात की घरच्या नातवंडांची काढणार नाहीत.

चूल मांडायला लोक थांबू लागले. भाकरी मात्र फसली. तिकडं तराईच्या सपाट मुलखात ज्वारी कोणी पेरत नाही. रत्नमालानं आसेगावहून नेलेलं पीठ दिवाळीच्या आधीचं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा जातो. भाकरी थापतानाच कडेनं फाटते आणि तव्यावर तिचे तुकडे होतात. एका म्हाताऱ्यानं ताटातला तुकडा उचलून, अशी भाकर तर आम्ही घरीही खात नाही, म्हणून ठेवून दिला. रत्नमालाला ते फार लागलं. तिला पीठ नको होतं, अख्खी ज्वारी हवी होती, आणि ती येणार फक्त आमच्याकडून, तीही यात्रेच्या गाडीनं.

तिनं गजेंद्रला फोन केला. गजेंद्र तिच्यावर खार खाऊन होता. त्याची चांगली आचारीण गेली होती, आणि आता ती लुंबिनीत बसून आपल्या प्रवाशांना जेवू घालून आपला आचारी बिनकामाचा ठरवणार, असं त्याच्या डोक्यात होतं. रत्नमालानं त्याला सांगितलं की तुझ्या वरण-भाताला मी हात लावत नाही. तुझा आचारी माझ्या अंगणात बसेल, त्याला कोणी शिट्टी मारणार नाही, आणि तुझ्या गाडीची माणसं भाकरी खाऊन घरी तुझं नाव काढतील. बदल्यात रेशनसोबत ज्वारीचं एक पोतं टाकून आण. तुझ्याच माणसांना मी तीच भाकर करून घालीन. गजेंद्र हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. धंदेवाल्या माणसाचं ते हो असतं.

जानेवारीतली ती गाडी म्हणजे आमची. मी रिटायर झालेलो, बायको बरेच दिवस मागं लागली होती, आम्ही दोघांनी नाव टाकलं. जानरावनं ज्वारीचं पोतं स्वतः गाडीवर चढवलं. आता आमच्याकडं जिकडंतिकडं सोयाबीन, ज्वारी पेरणारा माणूस दाखवायला शोधावा लागतो. जानराव घरापुरती पेरतो. त्या वर्षी त्यानं घरापुरतीच पेरली होती आणि घरासाठी काहीच ठेवली नाही. पोत्यावर हात फिरवून तो मला म्हणाला, लक्ष ठेव. सगळ्या प्रवासात त्या पोत्याइतकी काळजी मी कोणत्या प्रवाशाची घेतली नाही.

भट्टीवर या वेळी खेमा होता, पोहरादेवीकडचा, अबोल गडी. गाडीत भागिरथाबाई नावाची आमच्या वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई होती. दात नाहीत, तोंड मात्र चालू. बुद्धगयेपासून तिनं भाकरीचा जप लावला होता. कुशीनगरला वंदना झाल्यावर भन्तेजींनी तिला विचारलं, आजी, काय मागितलंत? तिनं खरं ते सांगितलं. भन्तेजीसुद्धा हसले.

सीमेवर धुक्यामुळे गाड्यांची रांग लागली होती. पोतं बघून तिथल्या माणसानं विचारलं, हे काय? मी म्हणालो, आमचं खाणं. त्यानं मूठभर ज्वारी हातात घेऊन बघितली. त्यानं ती कधी बघितलेली नव्हती. कोंबड्यांचं आहे का, म्हणाला. मला राग आला, पण कंडक्टरकीत राग गिळायची सवय होते. जाऊ दिलं त्यानं.

लुंबिनीत पोचलो तेव्हा माघीची आदली दुपार होती. रत्नमाला रस्त्यावर उभी. वाळली होती. बापाचं पोतं ओळखलं तिनं, शिवण बघून. तोंड फिरवलं आणि लगेच कामाला लागली, कारण आता दळायचं कुठं हा प्रश्न होता. गावातली चक्की सणासाठी बंद. फूलमतीनं हे ऐकलं आणि गोठ्यामागचं खोकं हलवलं. मागं दगडी जातं होतं, तिच्या सासूचं. तिकडं त्याला जाँता म्हणतात. म्हणजे आपलंच नाव, नाकातून घेतलेलं. आमच्या बायका ते बघून ज्या धावल्या, लुंबिनीच्या पवित्र बागेकडेही तशा धावल्या नसतील. रत्नमाला आणि फूलमती समोरासमोर बसल्या, एका खुंट्यावर दोघींचे हात. त्या थकल्या की दुसऱ्या दोघी. संध्याकाळ होईपर्यंत सगळ्या म्हाताऱ्यांनी पाळी पाळीनं दळलं. भागिरथाबाईला कोणी बसू देईना तर तिनं भांडण काढून जागा मिळवली.

रात्री भाकरी झाल्या. भागिरथाबाईनं भाकर दुधात कुस्करली, पहिला घास घेतला आणि तिची सगळी बडबड थांबली. ती बाई गप्प झालेली मी जन्मात तेव्हाच बघितली.

आमच्या ड्रायव्हरनं बाहेर थांबलेल्या दोन गाड्यांच्या ड्रायव्हरांना सांगितलं, यवतमाळची एक, हिंगोलीची एक. माघीच्या सकाळी दोन्ही अंगणात. तीन भट्ट्या पेटलेल्या, तारांवर लुगडी, न्हाणीपुढं रांग, आणि रत्नमाला काठवटीपुढं. धुक्यात तिन्ही गाड्यांची माणसं पांढऱ्या कपड्यांत फिरत होती. फूलमतीचे भाऊबंद ओसरीवर तिळाचे लाडू आणि तांदळाच्या पिठाचे उकडलेले पदार्थ घेऊन बसले होते. आज बोल व्हायचा होता.

आणि हॉटेलवाला आला. चांगल्या कपड्यातला, बोलायला गोड. सोबत मोजायचा टेप घेतलेला माणूस. त्यानं अंगणातली गर्दी बघितली, घड्याळ बघितलं, आणि फूलमतीला हिंदीत म्हणाला की जागा मोजायची आहे, तेवढं या लोकांना उठव.

हिंदीतला शब्द, पण आमच्या बायांना तो कळायला भाषा लागत नाही. भट्टीजवळच्या चारपाच जणी ताटं घेऊन उठायलाच लागल्या. भागिरथाबाई जमिनीला हात टेकून अर्धी वर आली. खेमानं पातेलं उचलायला फडकं घेतलं. रत्नमालाच्या हातात थापायला घेतलेली भाकर होती. हात थांबला. मी तिच्याकडे बघत होतो. अंगण तिचं नव्हतं, आणि हे तिला जितकं माहीत होतं तितकं कोणालाच नव्हतं.

फूलमती ओसरीवरून उतरली. सावकाश आली. रत्नमालाशेजारी काठवटीपाशी बसली, पिठाचा गोळा घेतला आणि थापायला लागली. वेडीवाकडी थापत होती. मान वर न करता ती हॉटेलवाल्याला म्हणाली, "यहाँ से कोई नहीं उठेगा। आप बैठो, खाना खाओ।"

ओसरीवरच्या तिच्या म्हाताऱ्या दिरानं मान हलवली. तोच बोल होता. माघीचा बोल, आता वर्षभर मोडणार नाही. हॉटेलवाला थोडा वेळ उभा राहिला. मग खरंच बसला आणि जेवला. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्याचीही कीव आली मला.

रत्नमालानं फूलमतीची फाटकी भाकर तव्यावर टाकली, तशीच भाजली आणि स्वतःच्या ताटात ठेवली. मग ती रडली. मोठ्यानं नाही, पण लपवलंही नाही. मलाही आवरलं नाही, आणि मी धुक्याला दोष दिला.

आता त्या अंगणात दर हिवाळ्यात गाड्यांची रांग असते. गजेंद्रची प्रत्येक गाडी जाताना ज्वारी नेते, आणि जानरावाचं बघून आमच्या वस्तीतल्या बऱ्याच जणांनी बांधाकडची चार तासं, म्हणजे चार ओळी, ज्वारीला ठेवली आहेत. पण मला सांगायची आहे ती त्याच दिवसाची गोष्ट, दुपारची. आम्हाला सीमेकडे निघायचं होतं, ड्रायव्हर हॉर्न देत होता, आणि आमच्या म्हाताऱ्या अंगणात पाय पसरून जात्याभोवती बसलेल्या. कोणी हलायला तयार नाही. जन्मभराची सवय, मी टाळ्या वाजवल्या आणि ओरडलो, चला, उठा, उठा, गाडी सुटते.

रत्नमाला तव्यापुढून म्हणाली, "काका, थे रस्त्यावर जाऊन म्हना. ह्या आंगनात थो शब्द नाई चालत."

मी बाहेर रस्त्यावर गेलो, आणि म्हाताऱ्या आपापल्या सवडीनं येईपर्यंत गाडीपाशी उभा राहिलो.